जुन्या रेडिओच्या सांगाड्यातून पाच वॉटचा व्हॉल्व्ह गिटार अँप : सामान, ट्रान्सफॉर्मर आणि फेरफार

गिरगावची_गिटार

चोरबाजारातून एक मोठा टेबल रेडिओ उचललाय. लाकूड वाळवीने खाल्लंय, डायलची काच फुटलीय, पण आतला सांगाडा शाबूत आहे. व्हॉल्व्ह असे: ईसीएच८१, ईएफ८९, ईएबीसी८०, ईएल८४ (पॉवर), ईझेड८० (रेक्टिफायर) आणि समोर तो हिरवा मॅजिक आय (ट्यूनिंग दाखवणारा व्हॉल्व्ह). ईएल८४ वरचा बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्स) शिक्का अजून वाचता येतो.

रेडिओ म्हणून तो परत उभा राहायचा नाही. मला यातून गिटार अँप करायचाय, फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या ‘ट्वीड चँप’ या छोट्या अँपच्या धर्तीवर. एक प्रीअँप व्हॉल्व्ह, एक पॉवर व्हॉल्व्ह, एक व्हॉल्यूमचं बटण, संपलं. टोन कंट्रोलसुद्धा नको.

अडचणी अशा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं (स्पीकरच्या आधीचा) प्रायमरी वाइंडिंग ओपन, म्हणजे तुटलेलं, दाखवतंय. ईएल८४ ठेवावा की चँपसारखा ६व्ही६ घालावा, ठरत नाही. आणि पेडलं बरीच बनवली असली तरी नऊ व्होल्टच्या वर हात घातलेला नाही. राहतो चाळीत, भिंतीपलीकडे शेजारी आहेत, तेव्हा वॉट कमीच बरे.

बंद_रेडिओ

ओपन प्रायमरीचं नवल नाही. मुंबईची हवा. केसासारखी बारीक तार, त्यावर कायम एचटी (व्हॉल्व्हचे अडीचशेएक व्होल्ट डीसी), आणि पावसाळ्यात दमट कागद. एका जागी हिरवं पडतं आणि तार तुटते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या रेडिओंत हेच सगळ्यात जास्त असतं.

आता आधी जिवाचं. तुमचे व्हॉल्व्ह ‘ई’ने सुरू होतात, म्हणजे ६.३ व्होल्टचे फिलामेंट आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर. ठीक आहे. पण हे वाचून अजून कोणी चोरबाजार गाठणार असेल तर ऐका: यूसीएल८२, यूएल८४, यूवाय८५ असे ‘यू’वाले व्हॉल्व्ह दिसले की तो रेडिओ तिथेच ठेवा. तो एसी-डीसी सेट. त्याला ट्रान्सफॉर्मर नसतो, सगळे फिलामेंट सिरीजमध्ये थेट मेन्सवर. प्लग उलटा बसला की अख्ख्या चासीवर (धातूच्या सांगाड्यावर) फेज. रेडिओला लाकडी पेटी होती म्हणून लोक वाचले. गिटारची तार म्हणजे चासीला जोडलेली उघडी तार, आणि ती तुमच्या बोटांत.

पहिल्यांदा चालू कराल ते सिरीज बोर्डवर. साठ किंवा शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, एलईडी चालत नाही. बल्ब भडक पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. भपकन पेटून मंद झाला तर पुढे जा. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ‘बघू चालतात का’ म्हणून ठेवू नका, सगळे काढा. तीन पिनी कॉर्ड, अर्थ चासीला स्वतंत्र बोल्टने, फ्यूज फेजमध्ये, ५०० मिलीअँप स्लो ब्लो.

आणि बंद केल्यावरही एचटीचा कपॅसिटर भरलेला राहतो. त्याच्यावर २२० केचा (के म्हणजे हजार ओहम) दोन वॉटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका, म्हणजे तो आपोआप रिकामा होईल. तरीही प्रत्येक वेळी मीटर लावून बघायचं आणि मगच हात घालायचा. चालू सांगाड्यात मोजताना एक हात खिशात.

ओहमकार

६व्ही६ चा हट्ट सोड, ईएल८४ च ठेव. चँपमध्ये ६व्ही६ ला तीनशेच्या वर व्होल्ट मिळतात, तुझा रेडिओ अडीचशेच्या आसपास देईल. ईएल८४ ला नेमके तेवढेच हवेत. डेटाशीटमध्येच दिलंय: प्लेट २५०, कॅथोड १३५ ओहम, करंट ४८ मिलीअँप, लोड ५.२ के, पॉवर ५.७ वॉट. ६व्ही६ त्याच २५० व्होल्टला साडेचार वॉट देतो आणि त्याला ग्रिडवर जास्त सिग्नल लागतो. म्हणजे ईएल८४ लवकर फाटतो (डिस्टॉर्शन), तुला चाळीत तेच हवंय.

फिलामेंटचा हिशोब: ईसीएच८१ चे ०.३, ईएफ८९ चे ०.२, ईएबीसी८० चे ०.४५ अँपियर निघाले, त्या जागी एका ईसीसी८३ चे (प्रीअँपचा व्हॉल्व्ह) ०.३ आले. ट्रान्सफॉर्मर आरामात. उलट भार कमी झाल्याने ६.३ चे पावणेसात होतील. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेव.

‘पण मग तो चँप नाही राहणार’ असं कोणी म्हणेल. नको राहू दे. १९६२ मध्ये लंडनला जिम मार्शलच्या दुकानात फेंडरच्या बॅसमन अँपचं सर्किट जवळपास जसंच्या तसं उतरवलं, भाग मात्र ब्रिटनमध्ये मिळणारे घातले. पहिल्या जागी १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३, ट्रान्सफॉर्मर तिकडचे, स्पीकर जेन्सनऐवजी सेलेशन, तेही बंद पेटीत. त्यातून मार्शलच्या पहिल्या अँपचा, जेटीएम४५ चा, आवाज निघाला. नक्कल करताना गावात मिळेल ते घातलं म्हणून वेगळं झालं. तुझ्या गावात बीईएलचा ईएल८४ मिळतोय, घाल.

डोंबिवली_फास्ट

आउटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी एवढा आटापिटा कशाला? मंडपवाल्यांच्या भोंग्याला शंभर व्होल्ट लाइनचे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, लॅमिंग्टन रोडला स्वस्तात पडलेले असतात. एक लावून टाका.

ओहमकार

कल्पना वाईट नाही, हिशोबही जमतो. शंभर व्होल्ट लाइनवर वॉटच्या टॅपचा इंपिडन्स म्हणजे शंभराचा वर्ग भागिले वॉट. पाच वॉटचा टॅप २ के, अडीचचा ४ के, दोनचा ५ के. दोन किंवा अडीच वॉटचा टॅप ईएल८४ ला चालून जाईल.

पण घोडं गॅपवर, म्हणजे कोअरमधल्या फटीवर, अडतं. लाइन ट्रान्सफॉर्मरमधून फक्त एसी जातो, म्हणून कोअर घट्ट बंद भरलेला असतो. आपल्या सिंगल एंडेड (एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या) अँपमध्ये प्रायमरीतून ४८ मिलीअँप डीसी सतत वाहतोय. कोअर चुंबकत्वाने तिथेच भरून जातो, मग खालचे सूर पातळ आणि वरून घाणेरडी खरखर. दोन ईएल८४ पुशपुलमध्ये असते तर दोन्ही बाजूंचा डीसी एकमेकांना खोडतो, तिथे गॅप लागत नाही. (पण त्याला मधला टॅप लागतो, तो या ट्रान्सफॉर्मरला नसतो.)

गिरगावची_गिटार

नेमकं हेच घडलं. लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत वाइंडिंगवाल्याकडे ५ के ते ८ ओहम बांधून घेतला. काम देखणं, वार्निशसुद्धा दिलंय. मी ‘गॅप ठेवा’ म्हटलं होतं, ‘हो हो’ म्हणाले. घरी येऊन पट्ट्या निरखल्या तर ई आणि आय एकाआड एक, मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरसारख्या. परत नेला तर म्हणतात, साहेब, गॅप ठेवला तर घूंघूं वाजेल.

बंद_रेडिओ

ते दिवसभर मेन्सचे आणि इन्व्हर्टरचे ट्रान्सफॉर्मर बांधतात, त्यांच्या कामात गॅप म्हणजे खोटच. भांडू नका. वाइंडिंग चांगलं असेल तर कोअर तेवढा स्वतः भरा, अवघड नाही.

पट्ट्या वार्निशने चिकटल्या असतील. पहिली पट्टी पातळ पात्याने अलगद सोडवा, ती वाकली तरी चालेल. एक निघाली की बाकीच्या सुटतात. मग सगळ्या ई एकाच बाजूने आत, सगळ्या आय मिळून दुसऱ्या बाजूला एक गठ्ठा. दोन्हींच्या मध्ये कागदाची एक पट्टी, जाड लिहायच्या कागदाएवढी, साधारण ०.१ मिलीमीटर. वरून क्लँप घट्ट. क्लँप सैल राहिला तरच तो घूंघूं करेल.

वाइंडिंग खरंच ५ केचं आहे का हेही बघून घ्या. बारा व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याचा एसी *प्रायमरीला* द्या आणि सेकंडरीवर मोजा. ५ के आणि ८ ओहम म्हणजे ६२५ चं वर्गमूळ, २५ ला १. तेव्हा बारा व्होल्टला ०.४८ दिसले पाहिजेत. ०.३४ दिसले तर तो ८ ओहमचा नाही, ४ ओहमचा आहे. ८ चा स्पीकर लावलात तर प्लेटला १० के दिसतील. उलटं करू नका, म्हणजे बारा व्होल्ट सेकंडरीला देऊ नका, पलीकडे तीनशे व्होल्ट निघतात.

गिरगावची_गिटार

काका, ०.४७ आले. कोअर तुम्ही सांगितला तसा भरला. आता बोर्ड. फेंडरमध्ये असतो तसा काळा फायबरचा आयलेट बोर्ड करावा म्हणतोय, दिसायला तसाच.

मुलुंडची_मैना

दिसण्यासाठी करत असाल तर करा, पण जुलैमध्ये इथेच रडायला याल. 😀

तो काळा व्हल्कनाइज्ड फायबर मेण लावलेला असतो आणि तरी ओल धरतो. अमेरिकेतल्या जुन्या अँपमध्येसुद्धा तो बोर्ड चक्क करंट वाहू लागतो, मीटरचं एक टोक बोर्डाच्या कोऱ्या जागेवर टेकवलं तर व्होल्ट दिसतात. एचटीच्या आयलेटशेजारी ग्रिडचं आयलेट असलं की थोडे डीसी तिकडे झिरपतात आणि मग पॉट (व्हॉल्यूमचं बटण) फिरवताना खरखर, मधूनच फटफट. लोक व्हॉल्व्ह बदलत बसतात.

मी हायलम (बेकलाइटसारखी) शीट वापरते आणि कापलेल्या कडांना वार्निश मारते, कारण ओल कडांतूनच शिरते. पैसे असतील तर ग्लास इपॉक्सी शीट, म्हणजे पीसीबीचीच पण तांब्याशिवायची, ती उत्तम. कापडी इन्सुलेशनची वायरही ओल धरते. पीव्हीसी घ्या, सहाशे व्होल्टवाली. आणि ग्रिडच्या जागा एचटीपासून लांब ठेवा, बोर्ड कुठलाही असो.

सातवी_तार

बोर्ड वगैरे ठीक, पण खरा व्हिंटेज आवाज कपलिंग कपॅसिटरमध्ये आहे. पेपर-इन-ऑइल मागवा, परदेशातून आले तरी चालतील. साधे पॉलिएस्टर घालून ‘व्हिंटेज’ म्हणवून घेण्यात अर्थ नाही. आणि कार्बन कंपोझिशन रेझिस्टर, नाहीतर तो जिवंतपणा येत नाही.

बंद_रेडिओ

तारसाहेब, रेडिओतले तेलकट कागदी कपॅसिटर मी आयुष्यभर काढून फेकले, कारण ते गळतात. पहिल्या व्हॉल्व्हची प्लेट आणि ईएल८४ ची ग्रिड यांच्यातला कपॅसिटर गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्ट चढतात आणि ईएल८४ लाल होतो, त्यापाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. नवे ऑइलवाले एवढे वाईट नसतील, मान्य. पण ज्या पैशात दोन कपॅसिटर येतात त्यात बरा स्पीकर येतो. कार्बन कंपोझिशनचं सांगू? पावसाळ्यात त्यांची किंमत सरकते आणि वर फुसफुस. मेटल फिल्म घाला, कोणाला कळत नाही.

सातवी_तार

मला कळतं. पण ठीक आहे, सुरुवातीला पॉलिएस्टर घालून मग बदलून बघा एवढंच म्हणतो. ऐकल्याशिवाय खोडू नका.

ओहमकार

बदलून ऐकायचंच तर *प्रकार* नको, *किंमत* बदल. ईएल८४ च्या ग्रिडला २२० के आहे असं धर. ०.०२२ मायक्रोफॅरडला कट ३३ हर्ट्झच्या आसपास पडतो, ०.००४७ ला १५४ वर. हा फरक शेजारच्या खोलीतूनही कळतो. गिटारला हंबकर पिकअप असेल तर ०.००४७ ने चिखल निघतो, सिंगल कॉइल पिकअपला मात्र पातळ वाटेल.

गिरगावची_गिटार

वाजला!! सिरीज बल्ब भपकन पेटून मंद झाला, काही जळलं नाही. आकडे देतो, कोणीतरी तपासा. मेन्स २३६. प्लेट २६२. कॅथोड ७.६ व्होल्ट, रेझिस्टर १५० ओहम.

दोन तक्रारी. एक, फीडबॅकची वायर (स्पीकरकडून २२ केमधून दुसऱ्या कॅथोडला) जोडली की कर्कश शिट्टी, काढली की गप्प. दोन, वायर काढलेली असताना घूं असा आवाज, व्हॉल्यूम शून्यावरही. आणि सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी वाजवला की सूर हलतो, लाट आल्यासारखा.

ओहमकार

७.६ भागिले १५० म्हणजे ५०.७ मिलीअँप. त्यातले साडेपाचेक स्क्रीनचे, प्लेटला ४५. गुणिले २५४ व्होल्ट (२६२ वजा कॅथोडचे), साडेअकरा वॉट. मर्यादा बारा. आत आहेस, पण काठावर. रात्री मेन्स २४५ झाला की ओलांडशील. १५० च्या जागी १८० ओहम टाक, आवाजात काही जात नाही आणि तो बीईएलचा व्हॉल्व्ह जास्त टिकेल.

शिट्टी म्हणजे फीडबॅक निगेटिव्हऐवजी पॉझिटिव्ह झालाय. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या दोन वायरींची अदलाबदल कर.

आता तो जी. ही खास आपल्याकडची गंमत. आपला मेन्स ५० हर्ट्झ, रेक्टिफायरनंतर डीसीवर उरणारी लाट (रिपल) १०० हर्ट्झ. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पट्टीचा जी ९८ हर्ट्झ. दोघांत दोनचा फरक, म्हणून सेकंदाला दोन लाटा. अमेरिकेत ६० आणि १२०, तिथे हीच रड ‘बी’च्या आसपास असते. त्यामुळे परदेशी साइटवर कोणी लिहीत नाही आणि आपल्याला वाटतं फ्रेट वाकडी आहे. अँप फुकटात तंबोरा धरून बसलाय, मात्र जीमध्ये.

उपाय: फिल्टरचे कपॅसिटर. आत्ता काय घातलेत?

गिरगावची_गिटार

१६, ८ आणि ८. चँपच्या नकाशात तसंच आहे.

ओहमकार

चँपच्या काळी कपॅसिटर महाग होते. पहिला ३२ किंवा ४७ कर. ईझेड८० ला ५० पर्यंत चालतो, त्यावर जाऊ नको, चालू होताना रेक्टिफायरवर ताण येतो. दुसरा, म्हणजे स्क्रीनचा, ३२. तिसरा २२ पुरे.

बंद_रेडिओ

कपॅसिटर बदलायच्या आधी एक करा. ईसीसी८३ सॉकेटमधून काढून चालू करा. घूं तसाच राहिला तर दोष पुढे: फिल्टर, नाहीतर ट्रान्सफॉर्मर एकमेकांचं उचलतायत. थांबला तर मागे: फिलामेंटच्या वायरी किंवा अर्थ.

ट्रान्सफॉर्मरचं असेल तर हेडफोनने कळतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या वायरी सोडवा, सेकंडरीला हेडफोन लावा, फक्त मेन्स ट्रान्सफॉर्मर चालू ठेवा, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर चासीवर हळूहळू फिरवा. आवाज वाढतो, कमी होतो, एका कोनात जवळजवळ नाहीसा होतो. त्या कोनात स्क्रूची भोकं पाडा. दोघे काटकोनात ठेवले तर बहुतेक जमतंच, पण कानाने बघितलेलं चांगलं. हे करताना ईझेड८० काढून ठेवा, म्हणजे चासीवर एचटी नसेल.

फिलामेंटच्या वायरी घट्ट पिळून कोपऱ्यातून न्या. मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून चासीला शंभर-शंभर ओहम.

गिरगावची_गिटार

ईसीसी८३ काढूनही घूं होता. कपॅसिटर ४७, ३२, २२ केले आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर आडवा होता तो उभा केला. आता कान स्पीकरला लावल्याशिवाय ऐकू येत नाही. जी सरळ वाजतोय. १८० ओहम टाकला. सेकंडरीच्या वायरी बदलल्या, शिट्टी गेली.

फीडबॅकला स्विच दिला. चालू असताना नीटनेटका, बंद केला की गेन वाढतो, कडा खरखरीत होतात, तार दाबली की अँप दबतो. बंदच आवडतो. मॅजिक आयसुद्धा ठेवलाय, जोरात वाजवलं की हिरवी पट्टी मिटते. उपयोग काही नाही, पोरं बघत बसतात.

अजून थोडा गेन हवा असेल तर? व्हॉल्यूम नऊच्या पुढे नेला तरच फाटतो.

मुलुंडची_मैना

पहिल्या कॅथोडच्या १.५ केवर बायपास कपॅसिटर आहे का? चँपमध्ये नसतो. २५ मायक्रोफॅरड लावला की सगळ्या सुरांत गेन वाढतो, बासही, आणि छोट्या स्पीकरला तो बास झेपत नाही. ०.६८ लावा; मधले आणि वरचे सूर पुढे येतात. मी तर त्याला तीन टोकांचा स्विच दिलाय: काही नाही, ०.६८, २५. बाहेरून सगळ्यात कामाचं बटण तेच.

ईएल८४ च्या ग्रिडला ४.७ के आणि स्क्रीनला ४७० ओहम एक वॉट नसेल तर घाला, फाटेपर्यंत वाजवणार असाल तर स्क्रीन जपावा लागतो.

डोंबिवली_फास्ट

पाच वॉट चाळीत खरंच ‘कमी’ आहेत का? माझा अनुभव वेगळा आहे. खालच्या मजल्यावरून काकू आल्या होत्या.

ओहमकार

पाच वॉट अजिबात कमी नाहीत. वॉट निम्मे केले तर फक्त ३ डीबी उतरतात, कानाला जेमतेम कळतं. घरासाठी खरा व्हॉल्यूम स्पीकर ठरवतो. ९७ डीबीचा गिटार स्पीकर आणि ९१ चा यांत सहा डीबी, म्हणजे वॉट चौपट केल्याएवढा फरक. बँडबरोबर वाजवायचं तर बारा इंची, जास्त सेन्सिटिव्हिटीचा घे, पाच वॉटही ड्रमच्या बऱ्यापैकी जवळ जातात. चाळीत फाडायचं तर आठ इंची, जरा मंद.

गिरगावची_गिटार

सध्या त्याच रेडिओचा अंडाकृती स्पीकर लावलाय. गोड आहे पण फाडला की कागद फडफडतो. आठ इंची ८ ओहमचा बघतो. पेटीसाठी पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन मिळालंय.

बंद_रेडिओ

पाइन चांगलं, जुन्या ट्वीडच्या पेट्या पाइनच्याच. फळ्या आधी घरात सुकू द्या, नाहीतर सांधे उघडतील. मागची बाजू अर्धी उघडी ठेवा, ईएल८४ आणि ईझेड८० ला वारा लागेल.

आणि स्पीकर बदलताना अँप बंद करा. व्हॉल्व्ह गरम, गिटार चालू आणि स्पीकर सुटलेला, असं झालं तर प्रायमरीवर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं आणि नवीन वाइंडिंग आतून जळतं. जॅक शॉर्टिंगवाला लावा, प्लग निघाला की सेकंडरी आपोआप शॉर्ट होते. टेबलावर चाचणीला स्पीकरऐवजी ८ ओहम २५ वॉटचा वायरवाउंड ठेवा, काकूही येणार नाहीत.

गिरगावची_गिटार

शॉर्टिंग जॅक शनिवारी आणतो. तारसाहेब, तुमच्याकडचे पेपर-इन-ऑइल दोन दिवस उसने द्याल का? दोन्ही प्रकार एका स्विचवर जोडतो आणि स्विच कुठे आहे ते न सांगता तुम्हालाच ऐकवतो.

सातवी_तार

आणतो. पण गिटार माझी आणि वाजवणारा मी.